गुडघ्याला बाशिंग

उतावळ्या नवऱ्याविषयीं आपल्या मराठींत जी म्हण आहे, तिच्यांतला नवरा निदान स्वतःच्या लग्नासाठीं उतावळा झालेला असतो. म्हणून त्याची थट्टा करतांनाहि मनांत थोडी कणव राहते. परंतु लग्न दुसऱ्याचें, नवरदेवाला अजून मिसरूडहि फुटलेलें नाहीं, आणि सगळा गांव मात्र गुडघ्यांना बाशिंगें बांधून रस्त्यावर आलेला, असें दृश्य दिसलें तर त्याला काय म्हणावें? क्रिकेटचा एखादा नवा मुलगा चार डाव बरे खेळला कीं मुंबईंत, आणि विशेषतः अंधेरी-बोरिवलीपासून विरारपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आमच्या उपनगरांत, हा प्रकार नेमानें घडतो. गेलीं तीस वर्षें मी या उपनगरांतल्याच एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें, आणि त्याहून अधिक वर्षें क्रिकेट पाहत आहें. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मी म्हणतों कीं, हें कौतुक निरुपद्रवी नाहीं. ज्याचें तें केलें जातें त्या मुलाचें त्यापासून नुकसान होतें, आणि तें नुकसान करणारे आपण प्रेक्षक आहोंत.

ताजें उदाहरण घेऊं. विरारचा आयुष म्हात्रे 2025 सालच्या एप्रिलांत पुरा अठरा वर्षांचाहि नव्हता. चेन्नईच्या संघाचा कर्णधार जायबंदी झाला, त्याच्या जागीं या मुलाला बोलावणें आलें, आणि 20 एप्रिलला वानखेडे मैदानावर, मुंबईच्याच संघाविरुद्ध, त्यानें 15 चेंडूंत 32 धांवा काढल्या. दोन आठवडे पुरे होतात न होतात तोंच, 3 मे रोजीं बंगळूरला त्यानें 48 चेंडूंत 94 केल्या. त्यापूर्वीं, 31 डिसेंबर 2024 रोजीं, नागालँडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यांत 117 चेंडूंत 181 धांवा काढून, अशा सामन्यांत दीडशेंचा टप्पा ओलांडणारा तोंपर्यंतचा सर्वांत लहान खेळाडू असा लौकिकहि त्यानें मिळविला होता. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे, यांत मला शंका नाहीं. पण त्यानें हें केल्यावर आपण काय केलें? मे महिना संपण्यापूर्वींच विरार गाडीच्या डब्यांत भारताच्या कसोटी संघांतली त्याची जागा ठरून गेली. त्याची तुलना कोणाशीं करावी याबद्दल मतभेद राहिला. तुलना करावी कीं नाहीं याबद्दल राहिला नाहीं. 'दोन आठवड्यांत पोरगा केवढा सुधारला!' हें वाक्य मीं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलें. दोन आठवड्यांत गळूं पिकतें. फलंदाजी पिकत नाहीं.

सुधारणा म्हणजे काय, हा प्रश्न आपण स्वतःला कधीं विचारतों काय? प्रेक्षकाला दिसतो तो धांवांचा आंकडा. आंकडा चढला कीं सुधारणा झाली, उतरला कीं अधोगति झाली, इतका आपला हिशेब सोपा आहे. फलंदाजाची विद्या या हिशेबानें चालत नाहीं. समजा, आंत येणाऱ्या चेंडूवर एखाद्याच्या बॅट आणि पॅड यांच्यामध्यें फट राहते. शाळेच्या सामन्यांत हा दोष उघडा पडत नाहीं, कारण तेवढ्या वेगानें व अचूकपणें चेंडू आंत आणणारा गोलंदाज तेथें नसतो. पहिल्या वर्षीं मोठ्या सामन्यांतहि तो झांकला जातो, कारण प्रतिपक्षानें या नव्या खेळाडूचा अभ्यास अजून केलेला नसतो. दुसऱ्या वर्षीं त्याच्या खेळाच्या चित्रफिती पाहून प्रत्येक संघ त्याच फटींतून चेंडू घालूं लागतो. आतां तो दोष काढावयाचा तर पावलांची ठेवण बदलावी लागते, बॅट उचलण्याची रीत बदलावी लागते. हाताला पडलेलें जुनें वळण मोडलेलें आणि नवें अजून बसलेलें नाहीं, असा जो मधला काळ असतो त्यांत धांवा हटकून कमी होतात. म्हणजे खरी सुधारणा चाललेली असते तेव्हां आंकडा पडलेला असतो. आणि आंकडा डोळ्यांत भरतो तेव्हां आपण पाहत असतों तें पुष्कळ वर्षांपूर्वीं केलेल्या पेरणीचें पीक. या मधल्या काळाला आडोसा लागतो. कुंभार आवा लावतो तेव्हां मडकीं झांकून टाकतो. दर घटकेला झांकण काढून तो पाहूं लागला तर एकहि मडकें पक्कें निघणार नाहीं. आपला उत्साह हा असा दर घटकेला झांकण काढून पाहण्याचा उत्साह आहे.

2013 सालच्या नोव्हेंबरांतले चार दिवस या बाबतींत फार बोलके आहेत. 16 नोव्हेंबरला वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरनें शेवटचा कसोटी सामना संपवून निरोपाचें भाषण केलें. त्यांत त्यानें आपले गुरु रमाकांत आचरेकर यांच्याविषयीं सांगितलें कीं, एकोणतीस वर्षांत सरांनीं आपल्याला 'छान खेळलास' असें एकदांहि म्हटलें नाहीं; तसें म्हटलें तर आपण सुखावूं आणि मेहनत सैल पडेल, असें त्यांना वाटे. आतां पुढें सामनेच उरलेले नाहींत, तेव्हां सरांनीं तें म्हणून टाकायला हरकत नाहीं, असेंहि तो हंसत म्हणाला. हें ऐकून मैदानावरच्या आणि घराघरांतल्या लोकांच्या डोळ्यांना पाणी आलें. पाणी आलें म्हणजे मर्म कळलें असावें, असें कोणीहि समजेल. पण मध्यें तीन दिवस गेले, आणि 20 नोव्हेंबरला आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यांत, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉनें बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी असिसी शाळेविरुद्ध 330 चेंडूंत 546 धांवांचा डाव पुरा केला. मुलाचें वय चौदा वर्षें. त्याच संध्याकाळपर्यंत त्याच लोकांनीं 'दुसरा सचिन सांपडला' अशी आरोळी ठोकली. ज्या गुरूनें एकोणतीस वर्षें आपली शाबासकी आवरून धरली त्याच्यासाठीं रडलेले लोक स्वतःची शाबासकी चार दिवसहि आवरूं शकले नाहींत.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे, तरी ती क्रमानें मांडली म्हणजे आपला त्यांतील भाग स्पष्ट होतो. 2018 च्या फेब्रुवारींत पृथ्वीच्या नेतृत्वाखालीं भारतानें एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षीं 4 ऑक्टोबरला राजकोट येथें पहिल्याच कसोटींत, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें 154 चेंडूंत 134 धांवा केल्या. भारतीय संघाचे तेव्हांचे प्रशिक्षक रवि शास्त्री यांनीं त्या सुमारास सचिन, सेहवाग आणि लारा या तिघांचाहि थोडथोडा अंश त्या एका मुलांत असल्याचें सांगितलें. 'डोकें ताळ्यावर ठेवलें तर' अशी पुस्ती त्यांनीं जोडली होती. पण तिघांचीं नांवें लोकांच्या लक्षांत राहिलीं आणि पुस्ती गळून गेली. 17 डिसेंबर 2020 रोजीं अॅडलेडला डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर मिचेल स्टार्कनें त्याचा त्रिफळा उडविला. दुसऱ्या डावांत 4 धांवांवर पुन्हां त्रिफळाच उडाला. वर ज्या फटीचें वर्णन केलें ती हीच फट. त्यानंतर त्याला कसोटी सामना खेळावयास मिळालेला नाहीं. पण उत्साही लोक स्वस्थ बसतात थोडेच! 2021 सालीं विजय हजारे स्पर्धेंत त्यानें 827 धांवा केल्या, तेव्हां 'तो परत आला' म्हणून गजर झाला. 2023 च्या जानेवारींत आसामविरुद्ध रणजी सामन्यांत 379 केल्या, तेव्हां तोच गजर पुन्हां झाला. 2024 च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या संघानें त्याला वगळलें आणि नोव्हेंबरांतल्या लिलावांत त्याला कोणी घेतलें नाहीं, तेव्हां याच लोकांनीं त्याच्या पोटाच्या घेरावर विनोद केले. 2025 सालीं तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघांत गेला. त्याचे स्वतःचे दोष असतील. प्रौढ माणसाला आपल्या वागणुकीची जबाबदारी टाळतां येत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु चौदाव्या वर्षीं ज्याला आपण 'झाला' म्हणून जाहीर केलें, त्यानें 'अजून व्हावयाचें आहे' ही जाणीव कोठून आणावी, याचें उत्तर आपण द्यावयास हवें.

मेकॉलेनें 1830 सालीं एडिंबरो रिव्ह्यूमध्यें रॉबर्ट मॉन्टगोमरी नांवाच्या एका कवीवर लेख लिहून, पोकळ स्तुतीच्या जोरावर ग्रंथ खपविण्याच्या चालीची रेवडी उडविली. गंमत अशी कीं, पुढें पांच वर्षांनीं पौर्वात्य वाङ्मयाला कवडीमोल ठरविणाऱ्या या गृहस्थानें त्या लेखांत आधार घेतला तो आपल्याच हितोपदेशांतल्या ब्राह्मण आणि तीन ठग या कथेचा, जी हिंडत फिरत युरोपांत गेली होती. तीन ठग एकामागून एक येऊन तीच गोष्ट सांगतात आणि शेवटीं भोळा ब्राह्मण आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतो. आपल्या प्रकरणांत फरक एवढाच कीं, येथें बकरा खरोखरीचा आणि चांगला धडधाकट आहे; त्याला हत्ती म्हणून ओरडणारे मात्र तीन नसून तीन लाख आहेत. आणि अंबारीचा भार पाठीवर येऊन तो बसला कीं 'हा हत्ती कसला?' म्हणून हंसणारेहि तेच आहेत. स्तुति आणि हेटाळणी या दोन वृत्ति आहेत असें आपण समजतों. माझ्या मतें ती एकच वृत्ति आहे: निकाल आजच लागला पाहिजे ही.

याची दुसरी बाजू पाहावयाची तर बोरिवलीलाच जावें. रोहित शर्मा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेंत आला तो ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. दिनेश लाड यांनीं त्याला हेरलें, त्याची फी माफ करून घेतली, आणि पुढें त्याच्या हातांतली बॅट ओळखली. 2007 सालीं तो भारताकडून खेळूं लागला. नंतरचीं पांच वर्षें त्याच्या वांट्याला काय आलें? 2011 च्या विश्वचषकाच्या संघांत त्याला जागा मिळाली नाहीं. 2012 सालीं श्रीलंकेच्या दौऱ्यांत पांच डाव मिळून त्याच्या 13 धांवा झाल्या. 'प्रतिभा' हा शब्द त्याच्या नांवापुढें शिवीसारखा वापरला जाऊं लागला. मग 2013 च्या जानेवारींत मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठविण्यांत आलें आणि त्यानें 83 धांवा केल्या. नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 209. त्याच महिन्यांत पहिल्या दोन कसोटींत 177 आणि नाबाद 111. यांतली दुसरी कसोटी म्हणजे सचिनच्या निरोपाचीच. तेव्हां लोक म्हणाले, 'रोहित एका वर्षांत किती बदलला!' तो एका वर्षांत बदलला नव्हता. ज्या वर्षांत आपण त्याची टर उडवीत होतों त्या वर्षांत तो बदलत होता, आणि त्याची त्या काळांतली कमाई आपल्याला 2013 सालीं दिसली. 2024 च्या 29 जूनला त्याच्या हातीं विश्वचषक आला, तेव्हां पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून सतरा वर्षें झालीं होतीं. त्याच्या सुदैवानें त्याला संघांत ठेवणारीं माणसें प्रेक्षकांतलीं नव्हतीं.

सचिनचेंच घ्या. ज्याचें नांव आपण प्रत्येक पोराच्या कपाळावर चिकटवितों, त्या सचिनला एकदिवसीय सामन्यांतलें पहिलें शतक मिळावयास पांच वर्षें आणि 79 सामने लागले. तें 1994 च्या सप्टेंबरांत कोलंबोला झालें. आजच्या उत्साहाच्या मापानें मोजलें असतें तर तिसाव्या सामन्यापूर्वींच आपण 'दुसऱ्या सचिना'च्या शोधाला लागलों असतों.

1988 च्या फेब्रुवारींत याच हॅरिस शील्डमध्यें शारदाश्रमच्या दोन मुलांनीं 664 धांवांची अभंग भागी केली. सचिनच्या नाबाद 326, आणि कांजूरमार्गहून गाडीनें येणाऱ्या विनोद कांबळीच्या नाबाद 349. कांबळीनें 1993 सालीं लागोपाठ दोन कसोटींत 224 आणि 227 केल्या. चौदा डावांत त्याच्या हजार कसोटी धांवा झाल्या. सतरा कसोटी, 54 ची सरासरी, आणि 1995 च्या नोव्हेंबरांत, तेविसाव्या वर्षीं, शेवटची कसोटी. त्याच संघांत पॅड बांधून दोन दिवस पाळीची वाट पाहत बसलेला तिसरा मुलगा अमोल मुझुमदार. त्यानें रणजी सामन्यांतल्या पहिल्याच डावांत 260 केल्या आणि त्यालाहि 'नवा तेंडुलकर' हें बिरुद लागलें. प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक धांवा करून तो भारताकडून एकदांहि खेळला नाहीं. लोकांच्या हिशेबीं त्याचा खटला तेथें संपला होता. 2 नोव्हेंबर 2025 रोजीं नवी मुंबईंत भारताच्या महिला संघानें विश्वचषक जिंकला तेव्हां त्या संघाचा प्रशिक्षक हा मुझुमदार होता. त्याच संघांतली जेमिमा रॉड्रिग्स आमच्या भांडुपची. 2017 सालीं एकोणीस वर्षांखालील सामन्यांत तिनें द्विशतक केलें तेव्हां तिचाहि उदोउदो झाला. 2022 च्या विश्वचषकाच्या संघांत ती नव्हती. 2025 च्या स्पर्धेंतहि एका सामन्यांत तिला बसविण्यांत आलें. आणि 30 ऑक्टोबरला उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनें नाबाद 127 केल्या. त्या दिवसांत आपण भीतीनें व रडण्यानें खचलों होतों, हें तिनें नंतर स्वतः सांगितलें. या इतिहासांतून एवढें तरी दिसतें कीं माणसाची वाढ आपल्या टाळ्यांचें वेळापत्रक पाळीत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, कौतुकानें गुण फुलतो. कौतुक नसेल तर तो कोमेजतो. हें खरें आहे आणि आपल्या वाङ्मयांतच त्याचा दाखला आहे. 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली, आणि त्या मुलानें पुढें त्या पदवीचें सोनें केलें. पण तें कौतुक कोणाचें होतें हें पाहा. तें कविता जाणणाऱ्यांचें होतें. त्यांनीं त्याची कविता कान देऊन ऐकली होती. त्याला कोणी 'दुसरा केशवसुत' म्हटलें नाहीं. 'बाल' म्हटलें, म्हणजे अजून वाढावयाचें आहे हें त्या नांवांतच सांगितलें. रेव्हरंड टिळकांनीं तर त्याला घरांत ठेवून घेतलें. ज्यानें असा आसरा दिला त्याला कौतुकाचा अधिकार होता. अशा कौतुकाला माझा विरोध नाहीं. मी तर म्हणतों तें आपल्याकडे फार थोडें आहे. गर्दीची आरोळी त्याची जागा घेऊं पाहते, हें माझें दुःख आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, प्रेक्षकांचा उत्साह नसेल तर खेळाला पैसा कोठून येणार? यावर मी विचारतों, हा उत्साह मैदानावर येतो केव्हां? वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुंबईचे रणजी सामने होतात. अंधेरी, घाटकोपरहून तेथें पोंचायला अर्धा-पाऊण तास पुरे. एखादा नामांकित खेळाडू उतरला तर गर्दी लोटते. एरवीं जो मुलगा 'पुढचा अमका' म्हणून आपण डोक्यावर घेतला, तो चार दिवस घाम गाळीत असतां त्याला पाहायला बोटांवर मोजण्याइतकीं माणसें असतात. पावसाळ्यांत 1948 पासून कांगा लीगचे सामने चालत आले आहेत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उडतो आणि कसबी फलंदाज मऊ हातानें तो कसा पायापाशीं निजवतो, हें जेथें शिकतां येतें तेथें आपला उत्साह छत्री घेऊन जात नाहीं. म्हणजे तो खेळाचा उत्साह नाहीं. पडद्यावर रात्रीं तीन तास चालणाऱ्या तमाशाचा तो उत्साह आहे, आणि त्याचा पैसा माणसांचा लिलाव करणाऱ्यांकडे जातो. आझाद मैदानावरच्या फाटक्या जाळीकडे येत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. 'विरार-कल्याणच्या साध्या घरांतला मुलगा वर येतो तेव्हां आम्हांला आमचाच मुलगा वर आल्यासारखें वाटतें. तो आनंद तुम्ही आमच्याकडून कां काढून घेतां?' या प्रश्नापुढें मीहि नरमतों. भल्या पहांटे खांद्यावर किट घेऊन विरारहून चर्चगेटच्या गाडींत शिरणारा पोर, त्याच्याबरोबर नोकरी सांभाळून जाणारा बाप, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला या आनंदाची थट्टा करवणार नाहीं. पण हा मुलगा जर खरोखर आपला असेल तर त्याच्याशीं आपण आपल्या मुलासारखें वागूं या. आपला मुलगा सहामाही परीक्षेंत पहिला आला म्हणून आपण गल्लींत त्याला कलेक्टर म्हणून मिरवीत नाहीं, आणि वार्षिक परीक्षेंत घसरला म्हणून चव्हाट्यावर त्याची नालस्तीहि करीत नाहीं.

हा प्रश्न केवळ दोन-चार नामवंतांचा असता तर मीं लेखणी उचलली नसती. 2016 च्या 4 व 5 जानेवारीला कल्याणच्या प्रणव धनावडेनें शालेय सामन्यांत 327 चेंडूंत नाबाद 1009 धांवा केल्या. वय पंधरा. क्लिफ्टन येथें 1899 सालीं तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सनें केलेला नाबाद 628 धांवांचा विक्रम त्यानें मोडला. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्याला दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ति दिली, आणि दीड वर्षांत, 2017 सालीं, मुलाचा खेळ मनासारखा होत नाहीं म्हणून त्याच्या घरच्यांनींच ती थांबवावयास सांगितलें. केवढा हा प्रामाणिकपणा, आणि केवढें तें ओझें! इंग्लंडांतला कॉलिन्स पुढें सैन्याच्या इंजिनिअर दलांत अधिकारी झाला, कधीं प्रथम दर्जाचा सामना खेळला नाहीं, आणि 1914 च्या नोव्हेंबरांत ईप्रच्या लढाईंत मारला गेला. त्याला निदान दुसरें कोणी होण्याची मोकळीक मिळाली. आमच्या मुलांना ती मिळत नाहीं. माझ्या वर्गांत दरवर्षीं दोन-तीन मुलगे असे येतात, ज्यांचा फोटो चौदाव्या-पंधराव्या वर्षीं नाक्यावरच्या फलकावर पुढाऱ्यांच्या मुखवट्यांबरोबर झळकलेला असतो. एकोणिसाव्या वर्षीं ते मागच्या बाकावर बसतात, कोणी क्रिकेटचा विषय काढला कीं खिडकीबाहेर पाहतात, आणि शाळेंतलीं चार वर्षें मैदानावर गेल्यामुळें साधा परिच्छेद लिहितांना अडखळतात. ते वाईट खेळाडू नसतात. पुष्कळांना आणखी तीन वर्षें शांतपणें मिळालीं असतीं तर ते चांगले क्लब खेळाडू, चांगले पंच, चांगले शिक्षक झाले असते. पण 'दुसरा अमका' होतां आलें नाहीं म्हणून आपण कांहींच झालों नाहीं, अशी त्यांची समजूत आपण करून दिलेली असते.

मग करावयाचें काय? माझ्या मागण्या थोड्या आहेत. अठरा वर्षांखालील कोणत्याहि मुलाची कोणत्याहि मोठ्या खेळाडूशीं तुलना करूं नये. घरांतहि नको आणि गाडींतहि नको. एखाद्याविषयीं मत द्यावयाचें तर त्याचे निदान तीन मोसम पाहून द्यावें, आणि त्यांतला एक मोसम पडतीचा असावा. कारण पडतींत तो काय करतो हें पाहिल्यावांचून त्याची ओळख होत नाहीं. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचा वर्षांतून एक तरी सामना मैदानावर जाऊन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हातांतला फोन खिशांत ठेवून पाहावा. त्यानें किती धांवा केल्या यापेक्षां कोणते चेंडू सोडून दिले हें पाहावें. आणि आपल्या नाक्यावर अल्पवयीन मुलाच्या अभिनंदनाचा फलक लागला तर तो लावणाऱ्यास, ओळखीचा असला तरी, तो काढावयास सांगावें.

आयुष म्हात्रे याला माझ्या शुभेच्छा आहेत. तो सचिन होईल कीं रोहित, हें मला ठाऊक नाहीं, आणि त्याच्या वयाच्या मुलाबद्दल तें कोणालाहि ठाऊक असण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं पुढच्या चार-पांच वर्षांत केव्हां तरी त्याच्या धांवा आटतील. एखादा गोलंदाज त्याच्या खेळांतली फट शोधून काढील, आणि ती बुजविण्यासाठीं त्याला पुन्हां प्रारंभापासून शिकावें लागेल. तो दिवस त्याच्या खऱ्या सुधारणेचा पहिला दिवस असेल. त्या दिवशीं विरार गाडींत त्याच्याविषयीं आपण काय बोलतों, यावर आपण क्रिकेटचे प्रेमी आहोंत कीं नुसते बाशिंगवाले, हें ठरेल.